हाकगिळीवरची तोड

कोल्हापूर
४ जानेवारी २०२६

मामा, शरणु.

मौन कसं चाललंय? दिवाळीनंतर तुमचा निरोप आला की मामा वर्षभर बोलणार नाहीत, फोन घेणार नाहीत आणि कुणी भेटायलाही येऊ नये. आमच्या घरात तीन दिवस हसणं चाललं होतं. गडहिंग्लज तालुक्यातल्या झाडून सगळ्या कुस्त्यांच्या मैदानांवर तीस वर्षं माईक धरून बोलणारा माणूस. नवस-उपासांविरुद्ध भर मांडवात भाषण ठोकल्याने दोन लग्नं मोडता मोडता राहिली असा माणूस. आणि त्याने धरलं काय, तर व्रत. आई म्हणाली, "बोलून मोठा झाला, आता न बोलून मोठा व्हायचं असंल माझ्या भावाला." सख्खी बहीण तुमची, मी फक्त कळवते.

फोनवर अंगठ्याने लिहिलेलं तुम्ही वाचत नाही, म्हणून पेनाने लिहिते. काम आहे.

आम्ही चौघं दर रविवारी दुपारी राजारामपुरीत संयोगिताच्या शिवणक्लासमध्ये जमतो. कापड बेतायचं मोठं टेबल असतं, त्याभोवती बसून खेळतो. प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि त्याचं बळ, चपळाई, हत्यार असं सगळं एका कागदावर लिहिलेलं असतं. मी खेळवणारी. जंगल, किल्ले, राक्षस मी मांडते. आपलं पात्र काय करतंय ते बाकीचे सांगतात, आणि जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा सांगतो. चार वर्षं एकच गोष्ट चालू आहे. तुम्ही नाक मुरडणार हे मला माहीत आहे. मुरडून झालं की पुढे वाचा.

डिसेंबरात मी एक राक्षसीण रचली, हाकगिळी. पडक्या विहिरीत राहते. माणसाचा आवाज गिळते आणि मग त्याच्याच आवाजात खालून हाका मारून त्याच्या सोबत्यांना बोलावते. नियम असा होता: तिने तोंड उघडलं की फासा टाकायचा, दहाच्या खाली पडला तर आवाज गेला, कायमचा. राजवर्धन शाहिराचं पात्र खेळत होता. त्या पात्राची सगळी ताकद गळ्यात. तो गायला की सोबत्यांना चेव चढतो. पहिल्याच फटक्यात त्याला चार पडले. नंतर दोन तास तो चिवडा खात बसला, कारण करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जाताना कागद टेबलावर फेकून म्हणाला, "मुका शाहीर घेऊन काय करू, लोणचं घालू?"

मी घाबरले आणि नियम सौम्य केला. आता आवाज तीन फेऱ्यांपुरता जातो. तर संयोगिता आणि मल्लेश म्हणतात, ही राक्षसीण आहे की घसा खवखवणं. राक्षसीण जहाल ठेवली तर राजवर्धन येत नाही, मऊ केली तर हे दोघं जांभया देतात. बावीस फेब्रुवारीला विहिरीतला शेवटचा डाव आहे. तो फसला तर हे टेबल मोडलं म्हणून समजा. कोल्हापुरात माझं खरं घर म्हणाल तर ते टेबल आहे, हे आईला सांगू नका.

काम एवढंच. त्या दिवशी तुम्ही या. शेजारच्या खोलीत बसून हाकगिळीचा आवाज काढा. तो आवाज ऐकून मैदानात हजार माणसं गप्प बसलेली मी लहानपणी पाहिली आहेत. मौन एका दिवसापुरतं सोडा, पुण्य कमी पडणार नाही.

शांभवी

—

नेसरी
१२ जानेवारी

शांभवीस शरणार्थी.

तुझ्या शरणुला शरणार्थी म्हणून झालं, नमस्काराला नमस्कार फिटला. तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने. दुसऱ्यांदा तुझं शुद्धलेखन तपासायला. ते बरं आहे, बाकी सगळं दिव्य आहे.

अठ्ठावीस वर्षांची, उद्यमनगरात यंत्रांची ड्रॉइंग काढून पोट भरणारी मुलगी रविवारी शिवणक्लासात राक्षस खेळवते. ठीक आहे. देशात याहून वाईट गोष्टी याहून गंभीर चेहऱ्याने चालतात. पण खेळायचंच तर नीट खेळा की. तीन फेऱ्या? सर्दीसुद्धा याहून जास्त टिकते. तुझी हाकगिळी आवाज घेते आणि घटकाभराने हात जोडून परत करते. ती राक्षसीण नाही, ग्रंथालयातली बाई आहे.

पहिला नियम त्याहून हलक्या दर्जाचा होता. फासा पडला चार, माणूस संपला. त्यात त्या पोराने काय चुकीचं केलं? काहीच नाही. काय वेगळं करू शकला असता? तेही काहीच नाही. याला धोका म्हणत नाहीत, शांभवी. याला सोडत म्हणतात, आणि सोडतीत हरलेल्या माणसाला रडायचा हक्क असतो. तो राजवर्धन रडका असेल, त्याच्या चिवड्यावरून तसा वास येतो, पण या एका बाबतीत त्याचं बरोबर आहे.

आता फुकटचं शिक्षण घे. गावच्या मैदानात कुस्तीची जोड लावतात ती तू पाहिलीस. पंच दोन पोरांना समोर उभं करतात, मानेवर हात ठेवतात, दंड चाचपतात. वजनकाटा नसतो. ते काय बघतात? दोघं सारखे आहेत का ते नाही बघत. सारखे असतील तर लोक उठून जातात. कमी असलेल्या पोराकडे निदान एक डाव आहे का, ते बघतात. एक असला तर कुस्ती लावतात. एकही नसला तर त्याला नारळ देऊन बाजूला बसवतात, त्यात अपमान नसतो. समतोल म्हणजे हे. तू मात्र बलवान गड्याचे दात पाडून त्याला मऊ करत बसली आहेस.

दुसरी गोष्ट. चांगला पैलवान तुला उचलून आपटत नाही. तू स्वतःचं वजन पुढे टाकतेस, तो नुसता बाजूला होतो. हाकगिळीने आवाज हिसकावता कामा नये. माणसाने तो स्वतःहून तिच्या तोंडात द्यायला हवा, आणि देताना त्याला माहीत असायला हवं.

येण्याचं म्हणशील तर नाही. माझा आवाज शिवणक्लासात राक्षस काढण्यासाठी नाही. आक्काला सांग, मी न बोलूनही तिच्याहून मोठाच आहे.

वीरभद्र

—

कोल्हापूर
१९ जानेवारी

मामा, शरणु.

तुमचं ऐकून फासा काढून टाकला. नवा नियम असा: विहिरीच्या आवारात जो कुणी दुसऱ्याला हाक मारील, नावाने किंवा कशानेही, त्याचा आवाज गेला. फासा नाही, दयामाया नाही, कायमचा. आणि आत जाण्याआधी सगळ्यांना ते कळतं. विहिरीच्या कठड्यावर आधी गेलेल्यांनी नखांनी कोरून ठेवलंय. कोरलंय, कारण सांगायला तोंड नव्हतं.

काल संयोगिता आणि मल्लेशला घेऊन करून पाहिलं. नियम माहीत असूनही अर्ध्या तासात संयोगिता ओरडली, "मल्लेश, खाली बघ," आणि गेली. ती हसली. माहीत असून ओरडले म्हणाली. म्हणजे तुमचं खरं ठरलं, हे लिहिताना माझं पेन अडखळलं.

पण गाडी पुन्हा तिथेच अडली. आवाज गेल्यावर संयोगिताने काय करायचं? चिठ्ठ्या लिहायच्या असं ठरवलं. दहा मिनिटांत ती कंटाळून वहीत ब्लाऊजची मापं काढत बसली. आवाज जाणं न्याय्य झालं, गेल्यानंतरचं जगणं अजून रद्दीच आहे. मल्लेशला विचारलं तर त्याला प्रश्नच कळेना. तो कबनूरला यंत्रमागावर असतो, रविवारी एसटीने येतो. म्हणाला, "आवाज गेला तर गेला की. आमच्या शेडात बारा तास कुणाचाच नसतोय." त्याला सगळ्याची थट्टाच सुचते. राजवर्धनला फोन केला तर तो म्हणाला, "तुझी ती बया ठेव न्हाईतर मला ठेव."

आता तुमच्याविषयी. माझा आवाज शिवणक्लासासाठी नाही, असं तुम्ही लिहिलंत. मग कशासाठी आहे? कपाटात ठेवायला? आजऱ्यापासून गडहिंग्लजपर्यंत कुणाच्याही पोराची पहिली कुस्ती असली की तुम्ही पदरचं तिकीट काढून जात होता आणि त्या पोराचं नाव असं पुकारत होता की त्याच्या आईला रडू फुटायचं. मी चार वर्षं एक गोष्ट रचली, त्यात एक दिवस तुमचा आवाज मागितला, तर तो कमीपणा. व्रतं करणाऱ्यांना तुम्ही ढोंगी म्हणत होता, मामा. मला तेव्हा पटायचं नाही. आता पटतं.

शांभवी

—

नेसरी
२७ जानेवारी

शांभवीस.

ढोंगी म्हणालीस, म्हण. तोंडावर म्हणायची हिंमत केलीस, तेवढी तुझी जमेची बाजू.

आता तुझ्या रद्दी नियमाकडे येऊ. तू आणि तुझी ती शिवणारी मैत्रीण मुकेपणाविषयी जे लिहिता ते बोलक्या माणसांनी खुर्चीत बसून रचलेलं आहे, आणि ते तसंच दिसतं. चिठ्ठ्या लिहायच्या, म्हणजे झालं? मुक्या माणसाची बोलायची पाळी जात नाही, बाई. वेळ जाते. तो पाटीवर लिहून वर बघतो तोवर बोलणं दुसऱ्या गावाला पोचलेलं असतं. त्याच्या हातात फार चांगलं उत्तर असतं, फक्त ते कालच्या प्रश्नाचं. मग तो पाटी पुसतो. चारदा पुसली की पाचव्यांदा लिहीत नाही. तुझी मैत्रीण मापं काढत बसली ती कंटाळून नाही, तिने पुसायचं सोडलं म्हणून.

तुझ्या कागदावर हे लिही. आवाज गेला की लोक त्याच्याशी मोठ्याने बोलतात, जणू तो बहिरा झाला. मग हळूच त्याच्याशी बोलणंच सोडतात आणि तो समोर बसलेला असताना त्याच्या बायकोला विचारतात, "ह्यास्नी चहा चालतोय का?" कुत्रं फाटकाबाहेर रस्त्यावर निघालं तर त्याला हाक घालता येत नाही, टाळ्या वाजवाव्या लागतात आणि कुत्र्याला टाळ्या कळत नाहीत. हसू आलं तर नुसता वारा निघतो. शिंकसुद्धा नाकातून येत नाही. शिव्या मात्र येतात, भरपूर येतात, ओठांवर येऊन तिथेच वाळतात. त्यातला एकच फायदा: कुणाच्याही तोंडावर वाटेल ते म्हणावं, त्याला पत्ता लागत नाही.

तुझ्या हाकगिळीने यातलं काय घेतलं? काहीच नाही. तिने फक्त कागदावरची एक ओळ खोडली. म्हणून तो शाहीर लोणच्यात जातो. धोका मोजायचा असेल तर तो लागल्यावर माणसापाशी काय उरतं ते आधी मोज. उरलेलं काहीच नसेल तर मारून टाक त्या पात्राला, ते जास्त सभ्य आहे.

रविवारी येणार नाही. पुन्हा विचारू नकोस.

वीरभद्र

—

कोल्हापूर
३० जानेवारी

मामा,

कुत्रं मला समजलं. चहा समजला. पाटीही समजली, तुम्ही मौनात आहात म्हणजे पाटी वापरत असाल.

शिंकेचं समजलं नाही. मौन धरलेला माणूस नाकातून शिंकतो. जन्माचा मुका माणूसही नाकातून शिंकतो. ज्याचा श्वासच नाकातून चालत नाही तो शिंकत नाही. मी काल ऑफिसात ड्रॉइंग बाजूला ठेवून तासभर वाचत होते आणि एकाच ऑपरेशनपाशी येऊन थांबत होते.

आईला दाखवलं नाही. मुद्द्याचं लिहा.

शांभवी

—

नेसरी
१३ फेब्रुवारी

शांभवीस शरणार्थी.

पंधरा दिवस पत्र लिहून फाडत होतो. भाषण होत होतं. भाषण करायला समोर कुणीतरी टाळ्यांची वाट बघणारं लागतं, तू तशी नाहीस.

घशात गाठ होती, वाईट होती. नोव्हेंबरात मिरजेला स्वरयंत्र काढलं. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास चालतो, वरून रुमाल बांधतो. डॉक्टर म्हणतात की वाचलो. तुझ्या मामीला, दानेश्वरीला, माहीत आहे आणि आता तुला. मामीला मी शपथ घातली. शपथांना आयुष्यभर हसलो आणि वेळ आल्यावर तीच घातली. हस आता.

मौनव्रताची थाप मी शुद्धीवर आल्या दिवशीच ठरवली, आणि ती कुणालाही सहज पचली याचा मला अजून राग आहे. माझी सख्खी बहीण, तीस वर्षांचे श्रोते, एकालाही वाटलं नाही की हा माणूस असलं काही करणार नाही. सगळ्यांना लगेच पटलं की हा गर्वाने गप्प बसलाय. पटो. मला तेच पाहिजे होतं. लोकांनी मला गर्विष्ठ म्हणावं, मी ते कमावलंय. बिचारा म्हणू नये. ज्या मैदानात मी नावं पुकारली तिथे पहिल्या रांगेत रुमाल बांधून बसायचं आणि दुसरा कुणी माईकवर उच्चारांची माती करताना ऐकायचं, वर चार जणांनी येऊन पाठीवर हात ठेवायचा. त्यापेक्षा ढोंगी बरा.

एक यंत्र मिळालंय, गळ्याला लावून बोलायचं. एकदा लावलं. पिठाच्या गिरणीने आभार मानावेत तसा आवाज आला. कपाटात ठेवलंय.

तू माझा आवाज मागितलास त्या दिवशी मी पत्र चुलीत घालणार होतो. घातलं नाही, कारण तीन महिन्यांत कुणी मला काहीतरी मागितलं ते तेवढंच.

झालं. आता दयेचं पत्र पाठवशील तर न फोडता परत करीन.

वीरभद्र

—

कोल्हापूर
१६ फेब्रुवारी

मामा, शरणु.

दया माझ्याकडे शिल्लक नाही, राजवर्धनवर संपली.

पत्र वाचून मी काय केलं ते तुम्हाला सांगणार नाही. ते करून झाल्यावर तोंड धुतलं आणि तुमचंच बारा जानेवारीचं पत्र काढलं. कमी असलेल्या गड्याकडे निदान एक डाव आहे का, ते पंच बघतात, एक असला तर कुस्ती लावतात. हे तुम्ही लिहिलंत. मला शिकवायला लिहिलंत, स्वतः मात्र नारळ घेऊन बाजूला बसलात, आणि पंचही तुम्हीच. तुमच्या मानेवर हात कुणी ठेवून पाहिला? कुणालाच ठेवू दिला नाहीत. कुस्ती न खेळता मैदान सोडणाऱ्याला काय म्हणतात हे तुम्ही मैदानात माईकवरून सांगत होता, मी सांगत नाही.

राक्षसिणीचा आवाज मीच काढीन. तो वाईट निघेल, पण तुम्हाला आता त्यावर तोंडाने नावं ठेवता येणार नाहीत, हा माझा फायदा.

तुम्ही पात्र घ्या. एक पात्र पडून आहे, कुणाला नकोय. शाहीर, वय चाळीस, पूर्वी फार नावाजलेला, आता मुका. त्याचा कागद मी जपून ठेवलाय, एका कोपऱ्याला चिवड्याचं तेल लागलंय. तुम्ही लिहिलंत की उरलेलं काही नसेल तर त्याला मारून टाकावं. रविवारी येऊन मारा. तुमच्या हाताने मारा, पत्रातून नको.

टेबलावर मी कुणाला काही सांगितलेलं नाही. मामा येणार, रुमाल बांधतात, बोलत नाहीत, एवढंच सांगितलंय. राजवर्धन शेवटचं म्हणून येतोय, नवीन पात्र घेऊन. दुपारी दोनला सुरू करतो. सकाळच्या एसटीने निघालात तर वेळेत पोचाल. मी स्टँडवर येणार नाही. तुम्ही पाहुणे नाही.

शांभवी

—

नेसरी
२४ फेब्रुवारी

शांभवीस शरणार्थी.

पंचांचा निकाल ऐक. तू तुझे कागद आणि फासे झाकायच्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसली होतीस, तुला अर्धंच दिसलं.

तुझा आवाज वाईटच होता. राक्षसिणीचा नव्हता, भाजीला मीठ कमी पडलंय असं सांगणाऱ्या बाईचा होता. चिवडा शिळा होता. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे हे कळवलं नव्हतंस. भोकातून श्वास घेणाऱ्या माणसाला तीन मजले चढवलेस, त्यात थोडा सूड असेल असं मी धरून चाललो.

मी आत येऊन बसलो आणि तुझी संयोगिता माझ्या कानाशी येऊन ओरडली, "मामा, चहा घेणार काय?" मी सवयीने ओठातल्या ओठात म्हणालो, बहिरा नाही मी, बये. तीन महिने असंच चाललंय, कुणाला काही कळत नाही. तर समोरचा काळा जाडा गडी, चिवड्यातून डोळे वर न काढता म्हणाला, "बहिरं न्हाईत ते. आणि तुला बया म्हणाल्यात."

परीक्षा म्हणून त्याच्याकडे बघून ओठ हलवले: याचा शर्ट कुणी पोत्यातून कापला. तो म्हणाला, "शर्ट मेव्हण्याचा हाय, पण तुमचं खरं हाय."

मला मल्लेशच्या बरोबर समोर बसवलंस ते तू जाणूनच, हे मला तेव्हा कळलं; त्याच्या शेडाचं तुला मधल्या दिवसांत उमगलं असणार. त्याला विचारलं, तुला हे कसं येतं. म्हणाला, "शेडात मागांच्या खडखडाटात कानाचा उपेग काय? पंधरा वर्षं समद्यांची त्वांडंच वाचतोय. तुमचं तोंड तर लई सोपं हाय, मामा. मालकाच्या शिव्या असल्याच सोप्या असत्यात." आणि या माणसाने तुझ्याच जानेवारीच्या पत्रात सांगून ठेवलेलं होतं, आमच्या शेडात आवाज कुणाचाच नसतो म्हणून. तू ते थट्टा म्हणून लिहिलंस, मी थट्टा म्हणून वाचलं. हाकगिळीवरची तोड तिथे उघडी पडली होती आणि आपण दोन शहाणे समतोलावर पत्रं पाडत होतो.

पुढचं तुला माहीत आहे, तरी निकालात लिहावं लागतं. राजवर्धनविषयी मी जे बोललो ते मल्लेशने एकही शब्द न गाळता मोठ्याने वाचलं. "मामा म्हणत्यात, ह्यो शाहीर व्हता का केळ्याचा गाडा. गळा गेला तर गडी उठून जातोय." पोरगं लाल झालं, पण उठलं नाही. मग आपण विहिरीत उतरलो. मी ओठांनी सांगायचं, मल्लेशने वाचायचं आणि हाताने दाखवायचं. दोन बोटं पिळली की धागा तुटला, म्हणजे मागे हटा. तळवा आडवा फिरवला की माग थांबवा. संयोगिताला दहा मिनिटांत जमलं. हाक नाही, नाव नाही. तळाशी तुझी राक्षसीण चौघांच्या आवाजाची वाट बघत बसली आणि तिच्या डोक्यावर शेड चालू होता. ही एवढी शांतता झाली की वरच्या मजल्यावरच्या शालूबाई खाली आल्या. दर रविवारी आवाज कमी करा म्हणून येतात म्हणे. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काय झालं? कोण गेलं काय?"

आणि मग तो क्षण, ज्यासाठी मी हे पत्र लिहितोय. तू फासा टाकलास, वीस पडले, राक्षसीण माझ्या शाहिराच्या पाठीमागून वर आली. माझं तोंड मल्लेशकडे होतं. मला दिसलं नाही, मल्लेश माझे ओठ बघत होता, त्यालाही नाही. दिसलं ते राजवर्धनला. त्याच्याकडे हात होते, खुणा होत्या, नियम पाठ होता. नुकताच केलेला नवा कोरा गडी होता त्याचा. तो खुर्चीवरून उठून ओरडला, "शाहीर, मागं बघा."

त्याचा आवाज गेला. शाहीर वाचला.

मी त्याचं तोंड बघत होतो. डिसेंबरात याच पोराचं हेच गेलं होतं, तेव्हा त्याने टेबल मोडायला काढलं. परवा त्याने आपल्या कागदावरची आवाजाची ओळ स्वतःच खोडली, आडवी रेघ नीट पट्टी लावून मारली, खाली बसला आणि मल्लेशला म्हणाला, "आता मलाबी शिकीव ते बोटांचं." तू आडोशामागे नाक पुसत होतीस, म्हणून तुला दिसलं नसेल. नियम तोच, किंमत तीच. सोडतीत गेलं की माणूस रडतो, हाक मारून गेलं की पट्टी मागतो. हे मी तुला जानेवारीत सांगितलं होतं, पण तेव्हा नुसतं बोलत होतो.

निघताना त्याने मला जिन्यात गाठलं. "मामा, शाहिराचा कागद परत मिळंल काय? मूळचा माझा हाय तो." मी ओठ हलवले. मल्लेश दोन पायऱ्या खाली होता, वळून म्हणाला, "न्हाय म्हणत्यात. आणि पुढचं मी वाचत न्हाय, खाली बायका हाईत."

मल्लेशने मला स्टँडपर्यंत सोडलं. गाडीला अर्धा तास होता. तो अर्धा तास मी बोलत होतो, शांभवी. नोव्हेंबरपासूनचं सगळं. मध्येच तो म्हणायचा, "सावकाश, मामा, ओठ लई पळत्यात तुमचं." आयुष्यात मला सावकाश बोला म्हणणारा हा पहिला श्रोता.

घरी आल्यावर आक्काचं पत्र आधी पाटीवर लिहून बघायला घेतलं आणि मग पाटी बाजूला ठेवून कागदावर लिहिलं. तेही याच टपालाने निघतंय. ती रडत तुझ्याकडे येईल, तिला चहा दे. आणि मला फोन लावू देऊ नकोस.

शाहिराचा कागद गडबडीत माझ्या पिशवीतून नेसरीला आला आहे. पोस्टाने पाठवणार नाही, दुमडेल.

वीरभद्र